के-पॉपचा चेहरा आणि त्यामागचा करार

कोरियन पॉप संगीताची ध्वनिचित्रफीत साधारणतः तीन-साडेतीन मिनिटांची असते. तेवढ्या अवधीत पाच, सात किंवा त्याहून अधिक तरुण कलाकार एकाच लयीत पावले टाकतात, गातात, कॅमेऱ्याकडे पाहून हसतात. कोणालाही धाप लागलेली दिसत नाही, कोणाच्या चेहऱ्यावर पुटकुळी नसते, कोणाचेही शरीर ठरावीक मापाबाहेर गेलेले नसते. पाहणाऱ्या किशोरवयीन प्रेक्षकाला हे सारे निसर्गदत्त वाटते. प्रत्यक्षात वजन किती असावे, त्वचा किती उजळ दिसावी, हनुवटी कशी असावी, कोणाशी मैत्री करावी आणि ती कोणापासून लपवावी, या सर्व गोष्टी तिथे व्यवसायाचा भाग आहेत.

‘के-पॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीताच्या यशाविषयी भरपूर लिहिले जाते. बीटीएस, ब्लॅकपिंक ही नावे आता मराठी घरांतही अपरिचित राहिलेली नाहीत. या यशाची किंमत कलाकार आपल्या देहाने आणि मनाने कशी चुकती करतात, याची चर्चा मात्र एखादी दुर्घटना घडली की तेवढ्यापुरती होते आणि विरते. दक्षिण कोरियातील मनोरंजन उद्योगात सौंदर्य ही हौस किंवा फॅशन न राहता कामाची अट बनली आहे. ही अट पाळणाऱ्या कलाकाराला तेथील कायदा मात्र कामगार मानत नाही. के-पॉपच्या झगमगाटामागील बहुतेक दुःखांचे मूळ या विसंगतीत सापडते.

प्रशिक्षणाची यंत्रणा

आधुनिक के-पॉपची सुरुवात १९९२ मध्ये ‘सो तेजी अँड बॉइज’ या त्रिकुटाने केली, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकी रॅप आणि नृत्याचा कोरियन भाषेशी मेळ घालून त्यांनी तरुणांना वेड लावले. मात्र ते आपल्या बळावर उभे राहिलेले कलाकार होते. या लोकप्रियतेला कारखान्याची शिस्त दिली ती ली सू-मान यांनी. त्यांनी १९९५ मध्ये ‘एसएम एंटरटेनमेंट’ ही कंपनी स्थापन केली आणि १९९६ मध्ये ‘एच.ओ.टी.’ हा पाच मुलांचा गट रंगमंचावर आणला. पाठोपाठ ‘वायजी’ आणि ‘जेवायपी’ या कंपन्या उभ्या राहिल्या. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर कोरियाने संस्कृतीकडेही निर्यातीचे साधन म्हणून पाहण्यास आरंभ केला आणि जपान, चीन व पुढे संपूर्ण जग ही या उद्योगाची बाजारपेठ झाली.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘योन्सुपसेंग’, अर्थात प्रशिक्षणार्थी. दहा-बारा वर्षांची मुले चाचणीतून निवडली जातात. शाळा सुटल्यावर ती कंपनीच्या सरावखोलीत येतात आणि रात्री उशिरापर्यंत गायन, नृत्य, अभिनय, परकीय भाषा आणि मुलाखतीत कसे बोलावे, याचे धडे घेतात. महिन्याच्या अखेरीस मूल्यमापन होते. त्यात केवळ आवाज आणि पदन्यास पाहिला जात नाही, तर वजन आणि रूप यांचाही हिशेब होतो. जो मागे पडतो त्याला घरी पाठवले जाते. पदार्पण केव्हा होईल, होईल की नाही, याची शाश्वती नसते. ‘ट्वाइस’ या प्रसिद्ध गटाची प्रमुख जिह्यो ही वयाच्या आठव्या वर्षी कंपनीत दाखल झाली आणि २०१५ मध्ये पदार्पण करण्यापूर्वी तिने दहा वर्षे प्रशिक्षण घेतले. तिचे नाव जगाला ठाऊक झाले. तितकीच वर्षे घालवून रिकाम्या हाताने परतलेल्यांची नावे कोणी नोंदवून ठेवत नाही.

प्रशिक्षण, निवास, भोजन, वेशभूषा, ध्वनिमुद्रण यांचा खर्च कंपनी करते. अनेक करारांत, विशेषतः लहान कंपन्यांच्या, हा खर्च पुढे कलाकाराच्या कमाईतून वळता केला जातो. खर्च भरून निघेपर्यंत त्याच्या हाती फारसे काही पडत नाही. म्हणजे पदार्पणाच्या दिवशी, सतरा-अठरा वर्षांच्या वयात, तो कलाकार अनेकदा कर्जदार म्हणूनच रंगमंचावर पाऊल ठेवतो. हे कर्ज फेडण्याचे त्याच्यापाशी असलेले भांडवल म्हणजे त्याचा आवाज, त्याचे अंग आणि त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावर कंपनीचा इतका अधिकार का चालतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

रूपाचे मोजमाप

के-पॉप गटात प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते. कोणी मुख्य गायक, कोणी मुख्य नर्तक, कोणी रॅपर. त्याच यादीत ‘व्हिज्युअल’ नावाचे एक पद असते. गटातील सर्वांत रूपवान सदस्याला ते दिले जाते. रूप हे गुणविशेष म्हणून नव्हे तर पद म्हणून वाटले जाते, ही गोष्ट या उद्योगाची दृष्टी पुरेशी स्पष्ट करते. ज्यांना हे पद मिळत नाही, त्यांची तुलना रोज त्या एका चेहऱ्याशी होत राहते.

रूपाचे निकषही बरेच बारकाईने ठरलेले आहेत. चेहरा लहान हवा. मुठीएवढा चेहरा ही कोरियन भाषेतली प्रशंसा आहे. जबडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता हवा. डोळे मोठे आणि पापणीवर स्पष्ट घडी हवी. नाक सरळ, पाय लांब, खांदे मुलींचे नाजूक आणि मुलांचे रुंद. त्वचा गोरी, नितळ आणि ओलसर चकाकणारी. वजनासाठी चाहत्यांनी एक सोपे गणित रूढ केले आहे. सेंटिमीटरमधील उंचीतून किलोग्रॅममधील वजन वजा करायचे. ही वजाबाकी १२० च्या आसपास आली तर ती आदर्श मानली जाते. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन ४५ किलो. वैद्यकशास्त्राच्या मोजमापाने असे शरीर कमी वजनाचे ठरते.

हे निकष के-पॉपने शून्यातून निर्माण केलेले नाहीत. गोऱ्या त्वचेचे आकर्षण कोरियात पाश्चात्त्य प्रभावाच्या फार आधीपासून आहे. उन्हात न राबणाऱ्या वर्गाची ती खूण होती. मुखचर्येवरून स्वभाव आणि भाग्य सांगण्याची परंपराही तिथे जुनी आहे. पापणीच्या घडीची शस्त्रक्रिया मात्र कोरियन युद्धानंतरच्या काळाशी जोडली जाते. डेव्हिड राल्फ मिलार्ड या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९५४ च्या सुमारास कोरियात असताना तशा शस्त्रक्रिया केल्या. आज सोलच्या गंगनम भागात अशा दवाखान्यांच्या रांगा आहेत आणि बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचे ओझे उतरल्यावर मुलीला पापण्यांची शस्त्रक्रिया भेट म्हणून देणारे पालक तेथे अपवाद नाहीत.

रूपाला इतके महत्त्व देणाऱ्या या वृत्तीला कोरियन भाषेत ‘वेमोजिसांगजुई’, म्हणजे रूपच सर्वश्रेष्ठ मानणारा विचार, असा शब्द आहे. नोकरीच्या अर्जावर छायाचित्र चिकटवणे तेथे दीर्घकाळ सर्वसामान्य होते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन उमेदवाराला उंची, वजन, रूप यांविषयी कामाशी संबंध नसलेली माहिती विचारण्यास मनाई झाली. असा कायदा करावा लागला, यावरूनच समस्येची खोली लक्षात यावी. के-पॉप हा या समाजाचा आरसा आहे, आणि तो उलट दिशेनेही काम करतो. पडद्यावरचा चेहरा पाहून समाज आपले निकष आणखी कडक करतो आणि कंपन्या पुन्हा त्याच निकषांनी नवी मुले निवडतात.

हे चक्र तोडण्याचा सरकारी प्रयत्नही एकदा फसला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील महिला व कुटुंब मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांसाठी काही सूचना प्रसिद्ध केल्या. एकसारख्या दिसणाऱ्या सडपातळ, गोऱ्या कलाकारांनी पडदा भरून जाऊ नये, असा त्यांतील एका सूचनेचा आशय होता. लगेच गदारोळ झाला. सरकार आता कलाकारांच्या चेहऱ्यांवरही नियंत्रण आणणार काय, असे विचारत टीकाकारांनी लष्करी राजवटीच्या आठवणी काढल्या, आणि मंत्रालयाला तो भाग मागे घ्यावा लागला. सौंदर्याची सक्ती हटवण्यासाठी सरकारी सक्ती हा मार्ग नव्हे, हे खरे. पण कंपन्यांच्या सक्तीविरुद्ध त्या तीव्रतेने कोणी बोलले नाही, हेही तितकेच खरे.

पुरुष कलाकारांची यातून सुटका नाही. उलट मुलांनीही प्रसाधन करावे, नितळ त्वचा राखावी, हे के-पॉपने जगभर रूढ केले. त्यात पुरुषत्वाच्या रूढ कल्पनांना छेद देणारे काही चांगलेही आहे. परंतु कोवळा चेहरा आणि त्याखाली कोरीव स्नायूंचे पोट अशी दुहेरी अपेक्षा त्यांच्याकडून केली जाते आणि रंगमंचावर सदरा बाजूला सारण्याच्या एका क्षणासाठी अनेक आठवड्यांचे कडक पथ्य पाळावे लागते.

अर्धपोटी नृत्य

या निकषांचा पहिला आघात जेवणाच्या ताटावर होतो. एक सफरचंद, एक रताळे आणि एक प्रथिनयुक्त पेय एवढ्यावर दिवस काढण्याचा आहार ‘आययू’ या गायिकेच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील मुलींनी त्याची नक्कल केली. ‘नाइन म्युझेस’ या गटाच्या नावाने कागदी पेल्यांचा आहार गाजला. त्यात एका जेवणाचे पदार्थ छोट्या कागदी पेल्यांत मावतील एवढेच घ्यायचे असत. हे आहार कौतुकाच्या सुरात सांगितले गेले, हा त्यातील सर्वांत चिंताजनक भाग.

आययूने स्वतः २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात आपण बुलिमियाशी झुंजल्याचे सांगितले. बुलिमियात माणूस अनावर खातो आणि मग अपराधभावनेने ते अन्न शरीराबाहेर काढतो. ‘ओह माय गर्ल’ या गटातील जिन-ई हिने अ‍ॅनोरेक्सियाच्या उपचारांसाठी २०१६ मध्ये काम थांबवले आणि २०१७ मध्ये गट कायमचा सोडला. अ‍ॅनोरेक्सियात वजन धोकादायक पातळीपर्यंत घटूनही रुग्णाला आपण जाड आहोत असेच वाटत राहते. हे दोन्ही आजार हट्ट किंवा नखरे नव्हेत. ते गंभीर मानसिक विकार आहेत, आणि मानसिक विकारांपैकी अ‍ॅनोरेक्सियातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांत गणले जाते.

अपुऱ्या आहारावर हे कलाकार जे काम करतात ते खेळाडूच्या तोडीचे असते. नवे गीत प्रसिद्ध झाले की काही आठवडे जवळपास रोज एखाद्या वाहिनीवर सादरीकरण असते. पहाटे केशभूषा, सकाळी तालीम, दुपारी चित्रीकरण, संध्याकाळी चाहत्यांची भेट, रात्री पुढील कार्यक्रमाचा सराव. २०१५ मध्ये ‘जीफ्रेंड’ गटातील युजू ओल्या, निसरड्या मंचावर एकाच गीतात वारंवार पडली आणि प्रत्येक वेळी उठून नाचू लागली. ती चित्रफीत जगभर जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहिली गेली. कार्यक्रम थांबवावा असे आयोजकांपैकी कोणालाच का वाटले नाही, हा प्रश्न कौतुकाच्या भरात मागे पडला. २०१९ च्या नाताळात ‘रेड व्हेल्वेट’ गटातील वेंडी तालमीच्या वेळी मंचावरून खाली कोसळली; तिच्या कटीच्या हाडाला आणि मनगटाला इजा झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘लेडीज कोड’ हा गट देगू येथील कार्यक्रम आटोपून रात्रीच सोलकडे परतत असता वाहनाला अपघात झाला आणि उन-बी व रिसे या दोन तरुण गायिकांचा अंत झाला. वेळापत्रकाचा ताण असा नाचण्यापुरता मर्यादित राहत नाही.

चाहत्यांचे प्रेम आणि चाहत्यांची मालकी

के-पॉपमध्ये गीताबरोबर एक नातेही विकले जाते. कलाकार आपल्याशीच बोलतो आहे, असा भास चाहत्याला व्हावा अशी सारी रचना असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘बबल’सारख्या अ‍ॅपवर मासिक शुल्क भरले की आवडत्या कलाकाराचे संदेश चाहत्याच्या फोनवर खासगी संवादाच्या रूपात येतात. कलाकार मात्र तोच संदेश हजारोंना पाठवत असतो. जेवलास का, झोपलीस का, अशा चौकश्याही येथे श्रमाचा भाग होतात.

अशा नात्यात कलाकाराचे खासगी आयुष्य चाहत्याला विश्वासघात वाटू लागते. २०१८ मध्ये ह्युना आणि इ-डॉन यांनी आपले प्रेम जाहीर केल्यावर त्यांच्या कंपनीने त्यांना दूर केले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ‘एस्पा’ गटातील कारिना हिचे एका अभिनेत्याशी प्रेमसंबंध असल्याचे उघड झाले, आणि चाहत्यांच्या रोषामुळे मार्चमध्ये तिला हस्तलिखित माफीपत्र प्रसिद्ध करावे लागले. वयाने सज्ञान स्त्रीने प्रेमात पडल्याबद्दल मागितलेली ती माफी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘राईझ’ गटातील सुंगहान याच्या पुनरागमनाची घोषणा होताच, त्याच्या जुन्या खासगी छायाचित्रांवरून संतापलेल्या काही चाहत्यांनी कंपनीच्या इमारतीसमोर अंत्यविधीची पुष्पचक्रे पाठवली. दोन दिवसांत त्याने गट सोडला. कलाकारांच्या विमानाच्या आसनापासून राहत्या घरापर्यंत पाठलाग करणाऱ्या अतिरेकी चाहत्यांसाठी कोरियन भाषेत ‘सासेंग’ हा स्वतंत्र शब्दच तयार झाला आहे.

द्वेषपूर्ण प्रतिक्रियांसाठीही असाच एक शब्द आहे, ‘आकपुल’. त्याची किंमत काय असते, हे सुलीच्या आयुष्यातून दिसले. बालकलाकार म्हणून आलेली सुली २००९ मध्ये ‘एफ(एक्स)’ या गटातून गायिका झाली. द्वेषपूर्ण प्रतिक्रियांमुळे आलेल्या थकव्याने २०१४ मध्ये तिने काम थांबवले आणि पुढच्या वर्षी गट सोडला. त्यानंतर ती मनाप्रमाणे कपडे घालू लागली, मनाप्रमाणे बोलू लागली आणि प्रत्येक छायाचित्राखाली शिव्यांचा खच पडू लागला. २०१९ मध्ये, कलाकारांनी स्वतःविषयीच्या अशा प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवायच्या, अशा स्वरूपाचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम ती सादर करत होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. सहा आठवड्यांनी तिची मैत्रीण, ‘कारा’ गटाची गायिका गू हारा हिचेही निधन झाले. तिला पूर्वीच्या प्रियकराकडून खासगी चित्रफीत उघड करण्याच्या धमक्यांना आणि त्यावरून झालेल्या सार्वजनिक चर्चेला तोंड द्यावे लागले होते. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ‘शाइनी’ गटातील जोंगह्युन हा गुणी गायक-संगीतकार नैराश्याशी झुंजत गेला होता.

आत्महत्येला एकच एक कारण नसते, आणि या कलाकारांच्या मृत्यूचे खापर एखाद्या प्रतिक्रियेवर किंवा एखाद्या कंपनीवर फोडणे सत्याला धरून होणार नाही. तथापि, दुःख सांगायला जागाच न ठेवणारी व्यवस्था दुःखाला अधिक धोकादायक बनवते, एवढे निश्चित. सुलीच्या मृत्यूनंतर ऑक्टोबर २०१९ अखेर ‘दाउम’ या संकेतस्थळाने मनोरंजनविषयक बातम्यांखालील प्रतिक्रियांची सोय बंद केली. मार्च २०२० मध्ये ‘नेव्हर’ या कोरियातील सर्वांत मोठ्या संकेतस्थळानेही तेच केले. द्वेष त्यामुळे संपला नाही, तो इतर समाजमाध्यमांवर सरकला. परंतु बातमीच्या तळाशी शिव्यांना मिळणारी प्रतिष्ठित जागा तरी गेली.

कायद्याच्या नजरेतील कलाकार

गेल्या दीड दशकात कोरियात काही सुधारणा निश्चित झाल्या आहेत. २००९ मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या अत्यंत लोकप्रिय गटातील तीन सदस्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अशा करारांना तेव्हापासून ‘गुलामीचे करार’ म्हटले जाऊ लागले. त्याच वर्षी तेथील निकोप व्यापार आयोगाने नमुना करार तयार केला आणि कराराचा कालावधी सात वर्षांपर्यंत सीमित केला. के-पॉप गट सातव्या वर्षी का फुटतात, या चाहत्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या तरतुदीत आहे.

२०१४ च्या कायद्याने अल्पवयीन कलाकारांच्या कामाचे तास ठरवले: पंधरा वर्षांखालील मुलांसाठी आठवड्याला ३५ तास, त्यावरील अल्पवयीनांसाठी ४० तास, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील कामावर निर्बंध. २०१७ मध्ये व्यापार आयोगाने आठ कंपन्यांना प्रशिक्षणार्थींच्या करारांतील अन्याय्य कलमे बदलायला लावली. प्रशिक्षण मध्येच सोडणाऱ्या मुलाकडून खर्चाच्या दुप्पट-तिप्पट दंड वसूल करण्याचे कलम त्यांतच होते.

मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसून आले. ‘न्यूजीन्स’ गटातील वीस वर्षांची हानी त्या महिन्याच्या १५ तारखेला कोरियाच्या संसदेच्या समितीपुढे साक्ष देण्यास उपस्थित राहिली. कामाच्या ठिकाणी आपला अवमान झाल्याची तिची तक्रार होती आणि बोलता बोलता तिला अश्रू आवरले नाहीत. पुढच्याच महिन्यात श्रम मंत्रालयाच्या कार्यालयाने निर्णय दिला की, श्रमकायद्याच्या व्याख्येनुसार हानी ही कामगारच ठरत नाही. म्हणून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचे कलम तिला लागू होत नाही. कलाकार आणि कंपनी हे समान दर्जाचे करारपक्ष आहेत, कामाची निश्चित वेळ व जागा नाही, मिळकतीवर वेतन म्हणून नव्हे तर व्यवसायाचे उत्पन्न म्हणून कर भरला जातो, अशी त्यामागची कारणे होती.

कायद्याच्या अक्षरानुसार हा निर्णय कदाचित योग्यही असेल. परंतु व्यवहारात वजनकाट्यावर उभी राहणारी किशोरी आणि तो काटा वाचणारी कंपनी हे समान दर्जाचे पक्ष कसे, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. उठण्याची, खाण्याची, झोपण्याची, प्रेम करण्याची मुभा ज्याच्या हाती, तो मालक नव्हे. आणि ज्याने हे सर्व पाळायचे, तो कामगार नव्हे. या पोकळीत के-पॉपचा कलाकार उभा आहे.

बदलाची चिन्हे आहेत, ती बहुतांशी कलाकारांनीच घडवलेली आहेत. ‘मामामू’ गटातील ह्वासा हिला प्रशिक्षणकाळात जाडी आणि रूप यांवरून हिणवले गेले होते. या काळाच्या निकषांत आपण बसत नसू तर आपणच नवा निकष होऊ, असा निर्धार तिने पुढे बोलून दाखवला आणि तो खराही केला. २०१९ नंतर मनःस्वास्थ्यासाठी काम थांबवल्याचे उघडपणे सांगणारे कलाकार वाढले. ‘ट्वाइस’मधील मिना, गायक कांग डॅनियल ही त्यांतील नावे. जून २०२२ मध्ये बीटीएसचा प्रमुख आरएम याने, या व्यवस्थेत माणूस म्हणून परिपक्व होण्यास अवसरच मिळत नाही, अशी खंत जाहीरपणे व्यक्त केली. यशाच्या शिखरावरील कलाकाराने ती व्यक्त केल्यामुळे तिला अपयशी माणसाची कुरकुर म्हणून झटकून टाकणे कोणाला शक्य झाले नाही.

भारताच्या उंबरठ्यावर

हा विषय आता केवळ दूरदेशीचा राहिलेला नाही. ओडिशातील राउरकेला येथील श्रेया लेंका हिची २०२२ मध्ये ‘ब्लॅकस्वान’ या कोरियन गटात निवड झाली. के-पॉपमधील ती पहिली भारतीय गायिका. २०२३ मध्ये केरळची एक तरुणी ‘आरिया’ या नावाने ‘एक्स:इन’ गटातून पुढे आली. बीटीएसची कंपनी ‘हाइब’ हिने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा सुरू केली आहे. म्हणजे चाचणीसाठी सोलला जाण्याची गरज उद्या उरणार नाही.

गोऱ्या वर्णाच्या आग्रहाबाबत कोरियाला दोष देण्याचा अधिकार भारतीय समाजाला फारसा नाही. विवाहाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द आजही आढळतो, आणि ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जाण्यासाठी २०२० साल उजाडावे लागले. सावळ्या मुलीच्या मनात आधीच रुजलेला न्यूनगंड के-पॉपच्या चकाकत्या पडद्यापुढे अधिक गडद होऊ शकतो.

भारतीय कायद्यात मात्र पालकांच्या उपयोगाची एक ठोस तरतूद आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम यांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. चौदा वर्षांवरील मुलांना हे नियम लागू होत नाहीत, आणि के-पॉपच्या धर्तीवरील प्रशिक्षणात प्रवेश घेणारी अनेक मुले नेमकी त्याच वयाची असतात. त्यामुळे करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी काही प्रश्न पालकांनीच विचारायला हवेत. प्रशिक्षणाचा खर्च पुढे कोणाच्या माथी येणार? मध्येच सोडल्यास दंड किती? शाळेचे काय? वजनाविषयी अट आहे काय, आणि ती कोण ठरवणार? आजारी पडल्यास उपचार कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर स्वाक्षरी न करणे श्रेयस्कर.

घरातील चाहत्या मुलांशी बोलतानाही टिंगल किंवा बंदी उपयोगाची नाही. त्यांना आवडणारी गाणी खरोखरच परिश्रमाने घडलेली असतात आणि त्या परिश्रमाचा आदर करायलाच हवा. मात्र त्या कलाकाराचे वजन हे अनुकरणाचे लक्ष्य नव्हे, हे त्यांना शांतपणे समजावता येते. एखादे मूल जेवण टाळू लागले, वारंवार वजन करू लागले, आरशापासून दूर पळू लागले किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर वेळ न दवडता वैद्यकीय सल्ला घ्यावा. केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

चाहत्यांच्या हातीही बरेच काही आहे. रोषाच्या बळावर ते एखाद्या गायिकेकडून माफीपत्र लिहून घेऊ शकतात, तर त्याच बळावर तिला विश्रांती, पुरेसे अन्न आणि न्याय्य करार मिळावा असा आग्रहही ते धरू शकतात. वजन वाढलेल्या कलाकाराच्या छायाचित्राखाली काय लिहायचे, एवढा निर्णय तर भ्रमणध्वनी हाती असलेल्या प्रत्येकाचाच आहे.